पीडी सरांचा ताळेबंद

यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेत आपल्या भागातल्या एका महाविद्यालयाचा संघ पहिल्याच सामन्यात चार-शून्य असा हरला. पुढच्याच आठवड्यात तिथल्या कंत्राटी पीडी सरांना मुदतवाढ मिळणार नाही, अशी बातमी आली. त्या संघात आपल्या मंडळातील कुटुंबांची तीन मुले आहेत. त्यामुळे मंडळाच्या मागच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर नसतानाही तासभर त्यावरच बोलणे झाले. काही पालक म्हणाले, बरे झाले. काही म्हणाले, प्राचार्यांना निवेदन देऊ. आम्हालाही विचारले गेले आणि आम्ही "बघू" म्हणून वेळ मारून नेली. ते राहिलेले उत्तर इथे देत आहोत.

आमची सगळी नोकरी बँकेत गेली. तिथे शाखाधिकाऱ्याचे यश ३१ मार्चच्या आकड्यावर ठरत असे. मग काही हुशार मंडळी ओळखीच्या अडत्याला गळ घालून कापसाचे पैसे तीन-चार दिवसांपुरते ठेव म्हणून ठेवून घेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पैसे परत, पण तोवर आकडा वर गेलेला असे आणि साहेबाची शाबासकीही मिळालेली असे. आमच्या वाट्याला एकदा अशीच एक शाखा आली. कर्जे वाटली आधीच्याने, ती थकली आमच्या वर्षात आणि खुलासा मागणारे पत्र आले आमच्या नावाने. तेव्हापासून कोणाचाही शेवटचा आकडा पाहण्याआधी आरंभीची शिल्लक पाहायची सवय लागली.

भारतीय फुटबॉल संघाचेच पाहा. खालिद जमील यांची २०२५ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. सप्टेंबरमध्ये मध्य आशियाई देशांच्या स्पर्धेत संघ तिसरा आला, तेव्हा देशी प्रशिक्षक हवा होताच, असे सगळे म्हणू लागले. १४ ऑक्टोबरला गोव्यात सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला, आशिया चषकाची वाट बंद झाली आणि तेच लोक उलटे बोलू लागले. पात्रता फेरीतले पहिले दोन सामने जमील येण्यापूर्वीच झाले होते आणि त्यांत भारताला मिळून एकच गुण मिळाला होता. गटातून एकच संघ पुढे जाणार होता. म्हणजे खाते त्यांच्या हाती आले तेच तुटीत. त्यांची चूक नाही असे आम्ही म्हणत नाही. सिंगापूरविरुद्धच्या दोन्ही सामन्यांचा जाब त्यांनाच द्यावा लागेल. पण चारही सामन्यांचा नाही.

आता आपल्या जुन्या राजधानीकडे येऊ. १९५६ पर्यंत आदिलाबाद, नांदेड, परभणी हे सगळे एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या हैदराबादच्या शाळांत शिकवणारे एक शिक्षक, सय्यद अब्दुल रहीम, भारताचे फुटबॉल प्रशिक्षक झाले. त्यांच्यावर 'मैदान' हा चित्रपट २०२४ मध्ये आला, तो अनेकांनी पाहिला असेल. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत त्यांच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. त्या दिवशी आपल्या बैठकीसारखी बैठक भरली असती, तर रहीमसाहेबांना घरी पाठवण्याचा ठराव दहा मिनिटांत झाला असता. तसे झाले नाही. बूट सक्तीचे झाले, खेळायची पद्धत बदलली. १९५६ ला मेलबर्नमध्ये भारत उपांत्य फेरीत पोहोचला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तिथवर जाणारा तो पहिला आशियाई देश. समोर पुन्हा युगोस्लाव्हियाच होता आणि भारत १-४ असा हरला.

हरले ते दोन्ही वेळा. पण दहाचे चार झाले, आणि या वेळी पहिला गोल आपल्या नेव्हिल डिसोझांनी केला होता. आमच्या मते रहीम यांची खरी गुणपत्रिका सुवर्णपदकात नाही, या दोन पराभवांच्या मधल्या चार वर्षांत आहे. १९६२ च्या जाकार्तातही तेच दिसले. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव, आणि अंतिम सामन्यात त्याच कोरियावर २-१ असा विजय. तेव्हा रहीम यांचा कर्करोग बळावला होता. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना तिथल्या कॉलेज फुटबॉलचे वेड ठाऊक असेल. तो खेळ वेगळा, चेंडू बहुतेक हातातच असतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये जिंबो फिशर या प्रशिक्षकाला काढले. त्याने तिथे ७० पैकी ४५ सामने जिंकले होते. करार मोडल्यापोटी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागणार होती, तरी काढले. एवढ्या पैशांत आपल्या जिल्ह्यातल्या किती मैदानांना कुंपण झाले असते, हा हिशेब आम्ही करून पाहिला आणि सोडून दिला.

त्यापेक्षा आपल्याला नागपूर जवळचे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' त्यांच्यावरच. त्यांच्या मुलांनी किती चषक आणले, हे कोणी विचारत नाही. किती मुले व्यसनातून आणि मारामाऱ्यांतून बाहेर आली, हे विचारतात.

इथे मात्र एक सावधगिरी. "मुले घडतात" हेही ३१ मार्चच्या ठेवीसारखे फुगवता येते, कारण ते मोजायला कोणी येत नाही. वर्षानुवर्षे हरणाऱ्या आणि काहीच न बदलणाऱ्या माणसाला या वाक्याआड छान लपता येते.

म्हणून आम्ही गेल्या आठवड्यात दोन दिवस सकाळी मैदानावर जाऊन बसलो. मुलांकडून कळले ते असे. सर दोन वर्षांपूर्वी आले तेव्हा सकाळी सात-आठ मुले यायची, आता तीसच्या आसपास येतात. हरलेल्या संघात नऊ जण पहिल्या वर्षाचे होते, कारण जुनी तुकडी पदवी घेऊन गेली. महाविद्यालयाच्या संघाचे हे दुखणेच आहे, तीन वर्षांत मूल तयार होते आणि निघून जाते. बाहेरून तयार खेळाडू आणून नाव चढवायची सोय सरांनाही होती, ती त्यांनी वापरली नाही. उलट बाजूही लिहितो. राखीव गोलरक्षक त्यांनी तयारच केला नाही. गुडघा दुखत असलेल्या मुलाला त्या सामन्यात पूर्ण वेळ खेळवले, हे आम्हाला मुळीच आवडले नाही, आणि तसे आम्ही त्यांना तोंडावर सांगितले. ते म्हणाले, "चुकलं सर." पराभवानंतर आठवड्यात त्यांनी दोन मुलांना गोलजवळ उभे करून रोज अर्धा तास सराव सुरू केला आहे. मुदतवाढ मिळणार नाही हे कळल्यावरही तो चालू आहे.

निवेदनाचा मसुदा चिटणिसांकडे दिला आहे. एक वर्षाची मुदतवाढ मागितली आहे, दोन नाही. सोबत सरांनी मुलांची हजेरी आणि दुखापतींची नोंदवही ठेवावी, अशी ओळ आम्ही घातली आहे. ती काहींना खटकली, पण आम्ही काढणार नाही. सही करायची असेल त्यांनी रविवारी सकाळी मंडळात यावे. न करणाऱ्यांनी निदान त्याआधी एकदा सहा वाजता मैदानावर जाऊन यावे.