‘बदली मागून घ्या’

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शाखेत दुपारी कॅश जुळवणे चालू होते. एक क्लार्क माझ्या टेबलापाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘सर, मॅनेजरसाहेब केबिनमध्ये बोलावून हात धरतात.’’ मी शहाजोगपणे म्हणालो, ‘‘मॅडम, बदली मागून घ्या.’’ तिला बदली मिळाली, रोजचा दोन तासांचा प्रवासही मिळाला. साहेब तिथेच राहिले.

तेव्हा यासाठी वेगळा कायदा नव्हता, अशी मी मनाची समजूत घालत असे. भंवरीदेवींवरील अत्याचारानंतर झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ‘विशाखा’ निर्देश दिले ते १९९७ साली. कायदा आला २०१३ साली. आता दहा वा अधिक माणसांच्या प्रत्येक कचेरीत अंतर्गत समिती हवी. लेखी तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करावी लागते. चौकशीच्या काळात तिची किंवा त्याची बदलीही होऊ शकते. पण तिने लेखी मागितले तरच. मी तर तिला न विचारताच निकाल देऊन मोकळा झालो होतो!

समितीची पायरी चढण्याआधी बाई एखाद्या सहकाऱ्यापाशीच मन मोकळे करते. त्याने ‘गैरसमज झाला असेल’ म्हटले, की ती तिथूनच मागे फिरते. त्याने नीट ऐकावे, तारीखवार लिहून ठेवायला सांगावे, तिला काय हवे ते विचारावे आणि वेळ आली तर साक्षीला उभे राहावे.

रुपयाचा फरक पडला तरी आम्ही रात्री आठपर्यंत बसत असू. तिच्यासाठी मी पाच मिनिटेही बसलो नाही.