गिअरबॉक्स खोलण्याआधी दुखणे ओळखा

धानाची मळणी आटोपली की आमच्या सालेकसा तालुक्यात जुन्या गाड्यांना एकदम भाव येतो. वर्षभर परसात गवत खात उभी असलेली चारचाकी, तिसऱ्या मालकाच्या हाती आलेला डिझेल ट्रक, भाऊबंदकीत वाटून वापरला जाणारा ट्रॅक्टर, सगळे रस्त्यावर येतात. खरेदी केंद्रावर धानाचे कट्टे पोचवायचे असतात, गिरणीवर न्यायचे असतात. ते होते न होते तोच माघ पौर्णिमा येते आणि कचारगडच्या यात्रेसाठी धनेगावच्या वाटेला गाड्यांची रीघ लागते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून समाजबांधव येतात. कोणी दरेकसा स्टेशनावर उतरतो, कोणी गाडी करून येतो. आणि नेमक्या याच दिवसांत शेतकऱ्यांच्या तोंडून एकच तक्रार ऐकू येते, "साहेब, गिअर पडून नाही राहिला जी."

मी काही मोटार मेकॅनिक नव्हे. कृषी पदविका घेऊन विस्ताराच्या नोकरीत आलेला माणूस. बियाणे, खत, तुडतुडा, करपा यांवर बोलणे हे माझे काम. पण बांधावर गेले की शेतकरी फक्त करप्याचेच विचारील असे नसते. गेल्या हंगामात कचारगडच्या पायथ्याकडच्या एका शेतकरी काकांनी त्यांच्या जुन्या छोट्या ट्रकचे गाऱ्हाणे सांगितले. गिअर टाकताना करकर आवाज, रिव्हर्स तर पडतच नाही. गाडी दुरुस्तीला नेली तर उत्तर मिळाले की गिअरबॉक्स गेला, पूर्ण खोलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून काकांनी घरातला डाग गहाण ठेवायचे मनात आणले होते. धान अंगणात, गाडी दारात आणि पैसा कोणाच्याच हातात नाही, अशी अवस्था.

ओळखीचे एक निवृत्त आयटीआय शिक्षक मी सोबत नेले. त्यांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. आधी इंजिन बंद करायला सांगितले आणि क्लच दाबून एकेक गिअर टाकून पाहिला. सगळे गिअर लोण्यासारखे पडले. मग इंजिन चालू केले, पुन्हा तीच करकर. गुरुजी म्हणाले, "काका, पेटी चांगली आहे. तुमचा क्लच पूर्ण सुटत नाही." खाली वाकून पाहिले तर क्लचच्या सांध्यातली पिन झिजून तिचे भोक लांबट झाले होते. पेडल खालपर्यंत जायचे, पण त्याची ओढ क्लचपर्यंत पोचायचीच नाही. पिन आणि बुश बदलले, पेडलचा खेळ जुळवला, ट्रक दुसऱ्या दिवशी केंद्रावर गेला. डाग घरीच राहिला.

ही गोष्ट कोणा मिस्त्रीला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. आमच्या भागातले कितीतरी मिस्त्री अपुऱ्या हत्यारांनिशी झाडाखाली बसून गाड्या उभ्या करतात. त्यांच्याशिवाय आमचा हंगाम निघायचा नाही. माझे म्हणणे एवढेच की दुखणे ओळखण्याच्या आधीच पेटी खोलण्याची आपल्याला सवय लागली आहे आणि ती शेतकऱ्याला फार महाग पडते.

आता मुद्द्याचे. गिअरची तक्रार म्हणजे एकच आजार नव्हे. ताप जसा हिवतापाने येतो तसा साध्या सर्दीनेही येतो, तसेच हे आहे. पहिली तपासणी वर सांगितली तीच. गाडी रिकामी, जागा सपाट, चाकांना दोन्हीकडून थोडे अंतर राखून दगड लावलेले आणि इंजिन बंद. गिअर सहज पडले आणि इंजिन चालू केल्यावरच अडले तर संशय क्लचवर घ्यावा. पेडलचा खेळ वाढला आहे का, केबल किंवा दांडी सैल आहे का, तेलावरचा क्लच असेल तर कुठे गळती आहे का किंवा हवा धरली आहे का, हे पाहावे. इंजिन बंद असतानाही गिअर अडत असेल तर आधी दांड्याचे बाहेरचे सांधे आणि बुश पाहावेत. ते ठीक असतील तरच पेटीच्या आतल्या फोर्ककडे वळावे. एखाद वेळी दातावर दात येऊनही गिअर अडतो. गाडी तसूभर ढकलून पुन्हा टाकून पाहिले की खरे काय ते कळते.

दुसरी तक्रार असते की इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही. लोक याला गिअर घसरला म्हणतात. बहुधा घसरते ती क्लच प्लेट. पेडलला खेळच उरला नसेल, प्लेट झिजली असेल किंवा तिच्यावर तेल आले असेल तर असे होते. गाडी चालवताना पाय सतत पेडलवर ठेवणाऱ्यांच्या गाडीला हे दुखणे हमखास जडते.

तिसरी गोष्ट आवाजाची. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, इंजिन चालू. क्लच दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग पाहावे. उलट क्लच सोडलेला असताना घरघर आहे आणि दाबल्यावर थांबते, तर पेटीच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग बोलते आहे असे समजावे. यासाठी कान पुरतात, पैसा लागत नाही.

चौथी गोष्ट तेलाची, आणि ही आम्हा धानपट्ट्यातल्या लोकांची खास. रोवणीच्या आधी चिखलणीला ट्रॅक्टर बांधीत उतरतो, अर्धे चाक पाण्यात असते. सील जुने असेल तर पाणी आत शिरते आणि तेल दुधाळ होते. असे तेल वंगणाचे काम करीत नाही, बेअरिंग आणि दात खाऊन टाकते. म्हणून चिखलणी संपली की तेल एकदा पाहायलाच हवे. दुधाळ दिसले तर नुसते वरून भर घालू नये, सील बदलून सगळे तेल बदलावे. तेल मालकपुस्तिकेत दिलेल्या नंबरचेच असावे. तेलात लोखंडाचे कण किंवा तुकडे दिसले तर मात्र गाडी तिथेच थांबवावी. तिथे पेटी खोलण्यावाचून गत्यंतर नाही आणि उशीर केला तर खर्च दुप्पट होतो.

आणखी एक. कितीतरी जुन्या ट्रॅक्टरांत गिअर बदलण्यासाठी ट्रॅक्टर पूर्ण थांबवावाच लागतो, त्यांची रचनाच तशी असते. चालत्या ट्रॅक्टरवर दांडा ओढला तर करकर होणारच. ते दुखणे गाडीचे नसून चालवणाऱ्याच्या हाताचे असते.

ही चूक फक्त आपल्याकडेच होते असेही नाही. अमेरिकेत १९८२ पासून जनरल मोटर्सच्या पिकअप गाड्यांत ६.२ लिटरचे डिझेल इंजिन येऊ लागले. त्यातल्या काही गाड्यांना आपोआप गिअर बदलणारी पेटी होती. ती पेटी गिअर कधी बदलायचा हे हवेच्या ओढीवरून ठरवायची. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ओढ तयार होत नाही, म्हणून त्यासाठी वेगळा पंप आणि रबरी नळ्या बसवलेल्या. नळी चिरली की गिअर उशिरा आणि झटक्याने पडायचा. दोष दोन वीत रबरी नळीचा, पण संशय जायचा पेटीवर. यंत्र साधे असो की आपोआप चालणारे, नियम एकच. बाहेरचे, स्वस्तातले आधी तपासा, आतले शेवटी.

आता गावच्या कारभाऱ्यांसाठी दोन शब्द. सर्वांत धोक्याची तक्रार म्हणजे उतारावर गिअर आपोआप सुटणे. दांड्याची जुळणी बिघडली, इंजिनाचे माउंटिंग रबर बसले, आतली स्प्रिंग दमली किंवा दात झिजले की गिअर सुटतो. अशा वेळी इंजिनाची अटक नाहीशी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मालवाहू गाडीत आणि ट्रॉलीत माणसे बसवणे कायद्याने मना आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. तरी यात्रेच्या दिवसांत काय होते तेही आपण पाहतो. दांड्याला दोरी बांधून गिअर अडकवलेली गाडी मी स्वतः पाहिली आहे, आणि तिच्यात लेकरे बसली होती. पायथ्याला गाड्या थांबतात तिथे ग्रामपंचायत आणि पोलीस पाटलांनी पुढाकार घेऊन जुन्या गाड्यांचे ब्रेक आणि गिअर पाहण्याची व्यवस्था केली, तर त्यात कोणाचा अपमान नाही.

आमच्या खात्यालाही मी सोडणार नाही. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियान सुरू झाले. शेतकरी महाडीबीटीवर अर्ज करतो, नवे यंत्र येते, फोटो निघतो. मेळाव्यात अनुदानावर तासभर भाषण होते, देखभालीवर पाच मिनिटेही नाहीत. कोणी म्हणेल, हे कृषी खात्याचे काम नव्हे. मग यंत्र बंद पडल्याने रोवणी आठ दिवस लांबली तर ते नुकसान कोणत्या खात्याचे?

माझी मागणी मोठी नाही. मंडळामंडळांत वर्षातून दोन दिवस, एक रोवणीआधी आणि एक धान विक्रीआधी, आयटीआयच्या शिक्षकांना बोलावून तपासणी शिबिर घ्यावे. गावच्या मिस्त्रीलाही मानाने बोलवावे, तोही शिकेल आणि शिकवीलही. बचत गटांच्या अवजारे बँकांनी प्रत्येक यंत्राची वही ठेवावी. तेल कधी बदलले, कोणी चालवले, काय बिघडले, एवढे लिहिले तरी पुरे.

आणि शेतकरी बंधूंनो, गाडी दुरुस्तीला नेताना "गिअरबॉक्स पाहा" असे सांगू नका. कधी अडतो, गरम झाल्यावर की थंड असताना, कोणता गिअर, आवाज क्लच दाबल्यावर की सोडल्यावर, हे सांगा. बदललेला जुना भाग हातात मागून घ्या. डॉक्टरकडे गेलेला रोगी कुठे दुखते ते आधी सांगतो. पोट फाडा म्हणून कोणी सांगत नाही.