एक्क्यांची जोडी

दिवाळीत आमच्या बेळगावच्या घरी पत्ते निघतात. तीन पत्ती किंवा रमी, आणि पणाला चिंचोके. 2025 च्या दिवाळीत मात्र पणजीहून आलेल्या भाच्याने पोकरचा डाव मांडला. ताईने मला आधीच फोनवर बजावले होते, "मोबाइलवर हाच खेळ खेळून दोन पगार घालवलेत त्याने. ऑगस्टात कायदा झाला, पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. पण मांडवीतली कॅसिनोची जहाजं त्याच्या ऑफिसातून दिसतात रे! मनातून गेलंय का, तेवढं बघ."

नऊ जण बसलो. प्रत्येकाला दोन पाने, मध्ये सगळ्यांची मिळून पाच. दोघांनी न बघता पैसे लावायचे, ते ब्लाइंड. त्यांच्या लगेच पुढचा पहिला बोलतो. ती जागा माझी होती आणि हातात दोन एक्के! तीन पत्तीत मुरलेला माणूस मी. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून चेहरा पाडून ब्लाइंडइतकेच चिंचोके सरकवले. पाच जण आत आले. मध्ये नव्वी, अठ्ठी, दुर्री पडली. मी सगळे लावले, आणि नव्वी-अठ्ठी घेऊन बसलेल्या वहिनींनी माझा ढीग ओढून नेला. "भावजी, रागावू नका हं!"

भाच्याने समजावले. "मामा, दोन एक्के 221 वाटपांत सरासरी एकदा येतात. समोर एकच जण, कुठलीही पाने घेऊन असेल, तर शंभरात 85 वेळा तुम्ही जिंकाल. पाच जण असतील तर 49 वेळा. तुम्ही स्वस्तात सगळ्यांना आत घेतलंत." पहिल्याच बोलीला ब्लाइंडच्या तिप्पट लावायचे, म्हणजे एक-दोघेच उरतात. शिवाय ही जागाच अडचणीची. मागे आठ जण बोलायचे असतात, आणि मधली पाने उघडल्यावरही बहुतेकांच्या आधी आपल्यालाच तोंड उघडावे लागते. म्हणून तिथून थोडीच पाने खेळायची, पण जोरात.

गुलामांच्या जोडीचे काय, मी विचारले. तिथेच गोम आहे म्हणाला. मधल्या पहिल्या तीन पानांत गुलामापेक्षा मोठे पान शंभरात 57 वेळा येते. राण्या हातात असतील तर राजा किंवा एक्का 41 वेळा, आणि राजे असतील तर एक्का 23 वेळा. हिशेब पोराला तोंडपाठ! आमच्या वेळी पाढे असे पाठ असायचे.

"मग तुझे पगार कशात गेले?"

तो पत्ते पिसत राहिला. "राजांत, मामा. पहिल्या बोलीला तिप्पट लावले, मागच्याने आणखी वाढवले, मध्ये एक्का पडला. त्याच्याकडे एक्का आहे हे कळत होतं. पण राजे हातातून सुटेनात. असं एकदाच नाही झालं."

रात्री उशिरा त्याच जागी तो बसला होता. तिप्पट लावले. वहिनी तेवढ्या राहिल्या. मध्ये राजा, सत्ती, चौकी. त्याने थोडे लावले, वहिनींनी चौपट केले. तो बराच वेळ पानांकडे बघत होता. मी काही बोललो नाही. मग त्याने दोन्ही पाने उलटी करून खाली ठेवली. बदामची राणी, इस्पिकची राणी.

"तुमच्याकडे काय होतं, मामी?"

"ते नाही सांगायचं," म्हणत वहिनी चिंचोके पदरात घेऊन चहा ठेवायला उठल्या.