आवाज थांबला तेव्हा
पाणी उकळतं म्हणजे काय, हे चहाचं आधण ठेवणाऱ्या कुणालाही विचारा: बुडबुडे, खळखळ, वर वाफ. पण हे सगळं एका हद्दीपर्यंतच. १८२२ साली कान्यार द ला तूर या फ्रेंच संशोधकानं बंदुकीच्या नळीत अल्कोहोल आणि गारगोटीची एक गोळी घातली, तोंड पक्कं बंद केलं आणि नळी तापवत, हलवत तो आतला आवाज ऐकत राहिला. (तापलेल्या बंद नळीशी असला खेळ! हौसेला मोल नसतं.) गोळी द्रवात पडल्याचा डुबुक आवाज एका तापमानानंतर येईनासा झाला. आत द्रवाला पृष्ठभागच उरला नव्हता. वाफ दाटत गेली, द्रव विरळ होत गेला आणि दोघांची घनता एक झाली. पुढे १८६९ मध्ये बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजनं कार्बन डायऑक्साइडचा हा बिंदू नेमका मोजला, त्याला ‘क्रांतिक बिंदू’ म्हटलं. तापमान अवघं ३१ अंश, म्हणजे मुंबईची साधी दुपार. दाब मात्र हवेच्या ७३ पट. पाण्याचा उंबरठा फारच उंच: ३७४ अंश आणि सुमारे २१८ पट दाब. कुकरची शिट्टी १२० अंशांच्या आसपासच ओरडते, तेव्हा स्वयंपाकघरात काळजी नको. कोराडीच्या वीजकेंद्रातले ६६० मेगावॉटचे संच मात्र हा उंबरठा ओलांडून चालतात. जुन्या बॉयलरला पाणी आणि वाफ वेगळी करायला मोठा ड्रम लागे. इथे तो नाही, कारण पूर्ण भारावर आतलं पाणी उकळतच नाही.