विश्लेषण : एक बाटली पाणी सगळ्या नदीची हकिकत सांगू शकते का?

कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येणारे बरेचसे पाणी उल्हास नदीतून, मोहने येथून उचलले जाते. नदीची तपासणी होते, अहवालही येतो. पण ‘पाणी मर्यादेत’ या शेऱ्यावर किती भरवसा ठेवायचा?

महिन्यातून एक नमुना पुरतो का?
नियमित तपासणीचे नमुने ठरावीक ठिकाणी, साधारण महिन्यातून एकदा घेतले जातात. नदीचा वेग सेकंदाला ३० सेंटीमीटर धरला तर पाणी तासाला किलोमीटरभर सरकते. रात्री दहाला दहा किलोमीटर वर टँकर रिकामा झाला, तर ते रसायन सकाळी सातच्या सुमारास खाली पोहोचेल. दुपारी बाटली भरणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच लागणार नाही. ही भीती काल्पनिक नाही. २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीत सोडलेल्या रसायनामुळे शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास झाला होता.

नमुना कुठून घेतला, याने काय फरक पडतो?
नाल्याचे पाणी नदीत लगेच मिसळत नाही, काठाकाठाने वाहत राहते. ६० मीटर रुंद, दीड मीटर खोल संथ नदीत ते दोन्ही काठांवर सारखे व्हायला दहा-पंधरा किलोमीटर लागू शकतात. म्हणजे एकाच वेळी एक काठ ‘उत्तीर्ण’ आणि दुसरा ‘नापास’ असू शकतो. कल्याणच्या खाली तर भरती-ओहोटीमुळे पाणी दिवसातून दोनदा उलटे फिरते. तेथे भरतीची वेळ न लिहिलेला आकडा अर्धवटच.

मग अंदाज कसा बांधायचा?
थोड्या मोजमापांतूनही. अमेरिकेत ओहायो नदीच्या अभ्यासातून १९२५ मध्येच स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी सांडपाण्यामुळे नदीतला ऑक्सिजन कुठे किती घटेल, याचे समीकरण मांडले. अशा गणिताला प्रवाह, खोली, रुंदी आणि वेग लागतो. पुलावरून संत्रे सोडून, घड्याळ लावून पृष्ठभागाचा वेग काढता येतो. त्याच्या सुमारे ८५ टक्के हा सरासरी वेग. कारखान्यांच्या सांडपाण्यात बहुधा क्षार जास्त असतात. त्यामुळे दर १५ मिनिटांनी विद्युतवाहकता नोंदवणारे यंत्र रात्रीची ‘लाट’ पकडू शकते. रसायन कोणते, हे ते सांगणार नाही. पण बाटली कधी भरायची, हे नक्की सांगेल.

मागणी काय असावी?
प्रयोगशाळा वाढवा, पण त्याआधी नोंद पूर्ण करा. प्रत्येक आकड्यासोबत वेळ, काठ, प्रवाह आणि खाडीत भरतीची स्थिती जाहीर व्हावी. अंदाजासोबत त्यातली संभाव्य चूकही छापावी. ‘मर्यादेत’ या शब्दापेक्षा ‘या वेळी, या काठावर एवढे’ हे वाक्य नागरिकांच्या जास्त उपयोगाचे आहे. कारण रात्रीचा टँकर महिन्याच्या तपासणीची वाट पाहत नाही.