स्टुडिओचं सोवळं आणि आपला आळस

आपल्यातल्या काही कवी-शाहिरांना हल्ली एक खूळ लागलंय. रेकॉर्डिंग घाण आलं की म्हणतात, असू दे, हाच आपला बाणा, हाच वस्तीचा आवाज, बाबूलोकांच्या कानाला खुपलाच पाहिजे. चार ओळींतली एक पंख्याच्या घरघरीत गेली, दुसरी कुकरच्या शिट्टीत, उरलेल्या दोनांवर ढोलकी चढून बसली आणि ह्याला म्हणायचं विद्रोह! शब्द ऐकूच आला नाही तर खुपणार कुणाला? हा विद्रोह नाही, हा आळस आहे. आळसाला निळा झेंडा लावला म्हणून त्याची चळवळ होत नाही.

दुसरे आहेत ते त्याहून लाचार. उसनंपासनं करून तासाच्या भाड्यानं स्टुडिओत जातात. मी गेलो होतो तेव्हा काचेपलीकडच्या साहेबानं बटण दाबून सांगितलं, तुमचा 'ण' नीट येत नाही, जरा शुद्ध म्हणा. आणि आवाज एवढा फोडू नका, गोड ठेवा. कविता होती क्रेनखाली चिरडलेल्या माणसावर. गोड कुठून आणू? तिच्यायला, ह्यांच्या हेडफोनलासुद्धा जानवं आहे! वर निघताना एक इंग्रजी कागद पुढं सरकवला : सगळे हक्क कायमचे त्यांच्याकडं. आपली पोरं असल्या कागदावर सह्या करतात, कारण आपलं नाव कुठंतरी छापून येईल ही आशा. तर ऐका. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदललाय. गीत लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा रॉयल्टीतला समान वाटा आता सही घेऊनही कुणाला काढून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा हक्क वसूल करणाऱ्या सोसायटीलाच देता येतो. हे त्या साहेबानं सांगितलं नाही. सांगेल कशाला?

म्हणजे एकाला सोवळा आवाज पाहिजे आणि दुसऱ्याला घाण आवाजाचं कौतुक. मला दोन्ही नको. फुटलेला आवाज फुटलेलाच, 'न' तो 'न'च, पण प्रत्येक अक्षर कानात खिळ्यासारखं ठोकलेलं, असं रेकॉर्डिंग आपल्या खोलीत होतं. फक्त माईक शिकावा लागतो.

आणि माईक शिकायचा म्हटला की आपला मॅट्रिक झालेला पोरगा म्हणतो, ते टेक्निकल आहे, आपलं काम नाही. मग ह्या वस्तूची कुळकथा ऐक. कंडेन्सर माईक १९१६ साली अमेरिकेत ई. सी. वेन्टेनं केला. आत एक पडदा, केसाहून पातळ. त्याच्यामागं धातूची चकती. दोघांत वीज भरलेली. आवाजानं पडदा हलला की मधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विजेचा दाब बदलतो. बस्स, एवढंच गौडबंगाल. पण वीज बाहेरून पुरवावी लागायची. १९६२ साली बेल लॅबमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर ह्यांनी पडद्यातच वीज कायमची कोंडून टाकली. त्याला इलेक्ट्रेट म्हणतात. कॉलरचा बारका माईक तोच, आणि ज्या टेपरेकॉर्डरवर आपल्या बापांनी भीमजयंतीचे कार्यक्रम भरून घेतले त्यांतल्या कितीतरींच्या पोटातही तोच.

हा जेम्स वेस्ट काळा माणूस. १९३१ साली व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत जन्मला. पोरगा शास्त्र शिकणार म्हणतो म्हणून बापानं त्याला तीन काळे डॉक्टरेटवाले दाखवले. तिघंही पोस्टात कामाला! तरी हा शिकलाच. त्या काउंटीनं गोऱ्या पोरांशेजारी काळी पोरं बसवावी लागतील म्हणून १९५९ साली सरकारी शाळाच बंद करून टाकल्या, त्या १९६४ पर्यंत बंद. वेस्ट आणि सेसलरला पेटंट मिळालं तेही १९६४ सालीच. १९७२ साली आपण पँथर हे नाव ज्या काळ्या लोकांकडून घेतलं, त्यांच्यातलाच हा एक. नाव घेतलं, मग ही विद्या का नाही घेत?

आता काम. मोठ्या पडद्याचा बरा कंडेन्सर आणि इंटरफेसची डबी, दोन्ही मिळून दहा हजाराच्या आसपास. एकट्याला जड, पाच जणांत नाही. हजाराच्या आतले भपकेबाज माईक घेऊ नका, मोठ्या डबड्यात बारकं कॅप्सूल घालून विकतात. ह्या माईकला ४८ व्होल्ट लागतात, ते इंटरफेसच्या बटणावर मिळतात. आधी गेन खाली, मग वायर, मग बटण. स्टेजच्या माईकसारखं ह्याच्या टोकात गाऊ नका, ह्याचं तोंड बाजूला असतं. वीतभर अंतर ठेवा. मध्ये जाळीवर नायलॉनचा मोजा ताणून लावा, म्हणजे 'प' आणि 'भ' फुटत नाहीत. 'भीम' म्हणताना माईक फुटला की सगळं मुसळ केरात. शाहीर जिथं सगळ्यात जोरात ओरडणार ती ओळ आधी म्हणायला लावा आणि काटा उणे बाराच्या पुढं जाऊ देऊ नका. डिजिटलमध्ये एकदा फाटलं ते कुणाच्या बापाला शिवता येत नाही. हलगी-ढोलकीला तीन फूट लांब राहा, किंवा तिला साधा डायनॅमिक द्या आणि वेगळी भरा.

कंडेन्सर सगळं ऐकतो, हीच त्याची खोड. त्याची पाठ मात्र बहिरी असते, ती खिडकीकडं करा. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणारे महाभाग आहेत, त्यानं काही होत नाही. गोधड्या टांगा, गाणाऱ्याच्या पाठीमागं, दुहेरी-तिहेरी. आयांनी जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या गोधड्या विकतच्या पातळ फोमपेक्षा आवाज जास्त पितात. पंखा बंद. घाम येईल, येऊ द्या. शेजारणीला सांगा, अर्धा तास कुकर लावू नको. ती ऐकत नसेल तर तुमचं वस्तीतलं काम कच्चं आहे असं समजा, माईकला दोष देऊ नका.

हे सगळं आत्ताच करायचं. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. हजारो गाणी लिहिली त्या माणसानं, ती लोकांच्या तोंडी आहेत, पण खुद्द दादांच्या आवाजातलं, शब्दन् शब्द कळेल असं किती हाताला लागतं ते शोधून बघा. कॅसेटी बुरशीनं खाल्ल्या, उरल्या त्यात आवाजावर ऑर्गन चढलेला. प्रत्येक वस्तीत अजून एखादा म्हातारा शाहीर, जात्यावर बाबासाहेब गायलेली एखादी म्हातारी बसलेली आहे. त्यांना स्टुडिओत नेऊ नका, तिथं त्यांचा आवाज बसतो. माईक त्यांच्या खाटेपाशी न्या. आधी गप्पा मारा, टेप चालू ठेवा. एकाच गाण्याचे दोन पाठ निघाले तर दोन्ही ठेवा, कुणाचं व्याकरण सुधारू नका, ऑटोट्यूनला तर हातच लावू नका. नाव, गाव, साल त्यांच्याच तोंडून भरून घ्या.

आमचा पाच जणांचा माईक सध्या माझ्या खोलीवर आहे. ज्याला पाहिजे त्यानं पाळी संपल्यावर येऊन न्यावा, भाडं नाही. पावसाळी हवेत पडदा चरचरतो, म्हणून काम झालं की डब्यात सिलिकाच्या पुड्यांसकट ठेवा. आणि ४८ चं बटण बंद केल्याशिवाय वायर उपटू नका.