तांबडी कळ

जुन्या संगणकाच्या मागील अंगास, पॉवर सप्लायच्या पेटीवर, एक लहानशी तांबडी कळ असते. तिजवर २३० किंवा ११५ हा आंकडा दिसतो. घोलवडांतील एका घरीं सुटींत आलेल्या नातवानें, आंकडा बदलतो तरी कसा या कुतूहलानें, संगणक चालू असतांनाच ती पेचकसाच्या टोंकानें सरकविली. स्फोटासारखा आवाज झाला, धूर निघाला, आणि आजोबांच्या चिकूवाडीचा हिशेब काळोखांत गेला.

आपली वीज २३० व्होल्टची, अमेरिकेची सुमारें १२० ची. कळ ११५ वर नेली कीं पेटींतील योजना येणारा दाब दुप्पट करूं लागते. एरव्हीं आंत सुमारें ३२५ व्होल्ट असतात, ते ६५० कडे धांव घेतात. बहुधा प्रत्येकीं २०० व्होल्टच सोसणारे दोन कपॅसिटर मग फुटतात.

पंचतंत्रांतील पाचर उपटणारा वानर कोणास आठवेल. पण मुलास वानर म्हणणें मला अन्यायाचें वाटतें. अशी कळ उघडी ठेवणाराच अधिक दोषी. पुष्कळ नव्या पेट्या दाब आपोआप ओळखतात. त्यांना ती नसतेच.

हिशेबाची हार्ड डिस्क पुष्कळदां वांचते. ती दुसऱ्या संगणकास जोडून पाहावी. जळकी पेटी मात्र घरीं उघडूं नये. तार काढल्यावरही कपॅसिटरांत कांहीं वेळ दाब राहतो.